हवाई अंतर आणि बांधापासूनचे अंतर



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. केन यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि नंबरची वाट पाहात काही मंडळी लिंबाखाली बसली होती. आम्हीही त्यांच्यात होतो. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेले. एक तरुण सभासद वर बघून म्हणाला, "मुंबई–सोलापूरचं असंल. तासाभरात मुंबई!" शेजारी एक वडीलधारे सभासद तंबाखू मळत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "त्याचं भागलं तासाभरात. माझा ऊस काल दुपारपासनं हितंच वाळतोय."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर ते बोलणे मनातून जाईना. विमानाचे अंतर आणि विमानाचा वेळ याची चर्चा आजकाल पारावर, एस. टी. स्टँडवर, सोसायटीच्या ओट्यावर सगळीकडे चालते. कुठे विमानतळ झाला, कुठे व्हायचा आहे, कुठून कुठे किती मिनिटांत जाता येते, हे शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. चांगली गोष्ट आहे. मात्र अंतर मोजायची ही जी रीत आहे, ती आपल्या कारभारात कुठवर चालवायची आणि कुठे थांबवायची, याचा विचार आपण सभासदांनी केला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. म्हणून हा लेख.

आधी विमानाचे अंतर मोजतात कसे ते पाहू. दोन विमानतळांमधले अंतर म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची रेघ. पृथ्वी गोल आहे. तेव्हा सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर निघत नाही. एक मोठा भोपळा घ्यावा, त्यावर दोन खुणा कराव्यात आणि मधून दोरा ताणून धरावा. दोरा जिथून जाईल ती खरी जवळची वाट. मुंबईहून अमेरिकेला निघालेले विमान नकाशावर उत्तरेला मोठा वळसा घालताना दिसते, पण भोपळ्यावर दोरा ताणला की तोच मार्ग सरळ ठरतो. आपल्या राज्यातल्या राज्यात मात्र एवढा फरक पडत नाही. मुंबई ते सोलापूर हे हवाई अंतर साधारण ३६० किलोमीटर भरते. वैमानिक लोक हे अंतर सागरी मैलात धरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर सुमारे १९५ मैल झाले. तीच मुंबई आणि तेच सोलापूर, पण रेल्वे घाट चढून पुणे, दौंड, कुर्डुवाडी करीत जाते आणि ४५५ किलोमीटर धावते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारत गाडीलाही या अंतराला साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

आता वेळेचे पाहू. जेट विमान वर गेल्यावर ताशी सातशे-आठशे किलोमीटरने जाते. म्हणजे ३६० किलोमीटर अर्ध्या तासात व्हायला पाहिजेत. पण वेळापत्रकात तास-सव्वा तास लिहिलेला असतो. असे का? कारण वेळापत्रकातला वेळ विमान आपल्या जागेवरून हलले तिथपासून दुसऱ्या गावी आपल्या जागेवर उभे राहिले तिथपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जायचे, आपला नंबर येईतो थांबायचे, वाऱ्याच्या तोंडाला उड्डाण करायचे, मग वळून आपल्या दिशेला लागायचे, वर चढायचे, आणि चढून होते न होते तोच खाली उतरायला लागायचे. हा वेळ दोनशे किलोमीटरच्या प्रवासाला लागतो तसाच हजार किलोमीटरच्या प्रवासालाही लागतो. म्हणून जवळच्या दोन विमानतळांमध्ये अंतर निम्मे झाले तरी वेळ निम्मा होत नाही.

हे ऊसवाल्याला फोड करून सांगायला नको. ट्रॉली पाच किलोमीटरवरून आली काय आणि चाळीस किलोमीटरवरून आली काय, यार्डातला नंबर, भरल्या गाडीचे वजन, गव्हाणीवरची खाली आणि रिकाम्या गाडीचे वजन हे दोघांना सारखेच. विमान कंपनीला आणि आपल्या ट्रॅक्टरवाल्याला एकच दुखणे आहे. चाकाच्या वेगापेक्षा उभे राहण्यात वेळ जातो.

सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१६-१७ साली केंद्र सरकारने लहान गावे विमानाने जोडण्यासाठी 'उडान' योजना आणली. तिकिटाची मर्यादा सांगताना 'सुमारे ५०० किलोमीटरचा, तासाभराचा प्रवास २५०० रुपयांत' अशी सांगितली. म्हणजे किलोमीटरच्या बरोबरीने तासही धरला. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे त्याचे काम आहे.

आता हा कागदावरचा वेळ प्रवाशाच्या पदरात किती पडतो? आमच्यातील एक जण शिरूर भागातून नागपूरला लेकीकडे विमानाने जाऊन आले. पुणे ते नागपूर हवाई अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. विमानाचा वेळ एक तास वीस मिनिटे. पहाटे पाचला घर सोडले. नगर रस्त्याला वाघोलीची गर्दी लागली. विमानतळावर दोन तास आधी पोचायचे, सामान द्यायचे, तपासणी करायची. नागपूरला उतरल्यावर सामानाची वाट बघायची, रिक्षा करायची. लेकीच्या दारात पाऊल ठेवले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सात तास. त्यातले सहाशे किलोमीटर ८० मिनिटांत झाले आणि जमिनीवरच्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला, थांबण्या-बसण्यासकट, पाच तास चाळीस मिनिटे गेली!

यात विमानाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. दौंडहून मनमाडमार्गे रेल्वेने नागपूर म्हणजे अख्खी रात्र आणि वर काही तास. त्या मानाने सात तास काहीच नाहीत. कुणाच्या घरी अचानक दुखणे आले, कुणाची परीक्षा आली, तर विमानासारखे साधन नाही. सांगायचे एवढेच की विमानाच्या तिकिटावरचा वेळ हा प्रवाशाचा वेळ नव्हे. प्रवाशाचा वेळ त्याच्या दारापासून मोजायचा असतो.

आता थोडे गंभीर बोलू. हे हवाई अंतर कमी करण्यासाठी जमिनीवरच्या माणसाला काय किंमत मोजावी लागते, याचे उदाहरण आपल्याच सहकारातले आहे. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळाशेजारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गात येते, हा वाद कित्येक वर्षे चालला. चिमणीला परवानगी नव्हती असे प्रशासनाचे म्हणणे, तर कारखान्याची बाजू वेगळी. कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, शहरात दोन तट पडले. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. काही सेकंदांत खाली बसली. त्यानंतर सोलापुरातून नियमित विमान उडायला जून २०२५ उजाडला. त्या महिन्यात गोव्याची सेवा सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची.

चिमणी कायदेशीर होती की नव्हती, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. विमानाच्या उतरण्याच्या वाटेत उंच बांधकाम नको, हा नियम जगभर आहे आणि तो माणसाच्या जिवासाठी आहे. सोलापूरच्या व्यापाऱ्याला, विद्यार्थ्याला, रुग्णाला विमान हवे होते, ती मागणीही खोटी नव्हती. पण हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. वर साडेपाच तास वाचले म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील, तर खाली गाळप अडचणीत आल्याने ज्या सभासदाचा ऊस दूरच्या कारखान्याकडे वळवावा लागतो, त्याचे वाढलेले तासही त्याच वहीत लिहायला नकोत का? विमानाच्या प्रवाशाचा तास आणि ऊस उत्पादकाचा तास हे दोन्ही साठ मिनिटांचेच असतात.

दुसरे उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचे. पुरंदरचा विमानतळ २०१६ साली जाहीर झाला. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची नावे त्यात आली. मधल्या काळात जागा बदलण्याचा विचार झाला, तो फिरला आणि पुन्हा हीच गावे पुढे आली. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा ज्याने पोरांसारख्या वाढवल्या, त्याला जमीन देताना काय वाटते हे आपल्याला सांगायला नको. लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे, तिथे वाढायला जागा थोडी, पुण्याला दुसरा विमानतळ लागणार, हे सरकारचे म्हणणे. २००८ च्या केंद्राच्या धोरणात असे आहे की, चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ सहसा होऊ नये, आणि करायचाच झाला तर जुन्यावर काय परिणाम होईल ते तपासून वेगळी मंजुरी घ्यावी. पाहा, इथेही हवाई अंतर आलेच.

पण शिरूर आणि दौंडच्या माणसाने हा प्रश्न कसा पाहावा? वर्तमानपत्रात आपण दोघेही 'जिल्ह्यातील लाभधारक' म्हणून एकाच ओळीत असतो. प्रत्यक्षात शिरूरच्या माणसाला लोहगाव म्हणजे नगर रस्त्याने सरळ. गर्दी सोसली की झाले. त्याला पुरंदरला जायचे तर भीमा ओलांडायची, सोलापूर रस्ता पार करायचा आणि भुलेश्वरच्या डोंगररांगेपलीकडे उतरायचे. उलट दौंड, पाटस, चौफुल्याच्या माणसाला पुरंदर बरे पडावे, पण मधले रस्ते झाले तर. म्हणजे विमानतळ एकच, नकाशावरचे टिंब एकच, आणि दोन शेजारच्या तालुक्यांना त्याचा वेळ निराळा. नकाशावर टिंबाभोवती वर्तुळे काढून 'एवढ्या किलोमीटरच्या आतील सर्वांना लाभ' असे कुणी सांगू लागले, तर आपण विचारले पाहिजे: बाबा, आमच्या वेशीपासून तिथवर किती तास? रस्ता कुठला? पूल कुठला? तो कधी होणार?

खरे तर शिरूर आणि दौंड हीच एक शाळा आहे. शिरूर घोडनदीच्या काठी, इतके की जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. दौंड भीमेच्या काठी. सरळ रेघ मारली तर दोन्हींत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर. कावळ्याला एवढेच. पण गाडीवाटेने निघालात तर, कुठल्या रस्त्याने आणि कुठल्या पुलावरून जाता त्याप्रमाणे, पंचावन्नपासून सत्तरपर्यंत कितीही होते. शिरूर तालुका घोड आणि भीमेच्या बेचक्यात आहे. दौंडकडे जायचे तर नदी ओलांडावीच लागते. न्हावरा–चौफुला रस्त्यावरचा पूल आहे म्हणून बरे. बाकी ठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून मोटारसायकल जाते, शाळेतले पोर जाते, भाजीची पाटी जाते. उसाची भरलेली डबल ट्रॉली जात नाही. पलीकडच्या तीरावर उभे राहून हाक मारली तर ऐकू येते आणि त्याच शेतातला ऊस आणायला मात्र मोठा वळसा. हे हवाई अंतर घेऊन काय चाटायचे आहे?

नदीकाठच्या माणसाला ही गोष्ट कधीकधी फार महाग पडते. भीमेच्या खालच्या अंगाला उजनीचे पाणी पसरलेले आहे. १९८० साली धरण झाले आणि शेजारची गावे समोरासमोरची झाली, मध्ये पाणी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्यात लेकरेही होती. ती माणसे हौसेने पाण्यात गेली नव्हती. पाण्यावरून पलीकडचा काठ जवळ होता आणि रस्त्याने कितीतरी लांब, म्हणून लोक वर्षानुवर्षे बोटीत बसत होते. नकाशातल्या सरळ रेघेवर पूल नसेल तर ती रेघ माणूस आपल्या जिवावर ओलांडतो. अंतराच्या प्रश्नात एवढे मोठे काय, असे विचारणाऱ्याने हे आठवावे.

आता आपल्या धंद्यातल्या हवाई अंतराकडे येऊ. पुष्कळ सभासदांना माहीत नसेल, पण हा शब्द साखर कारखानदारीच्या कायद्यात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती झाली आणि दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर असावे असे ठरले. राज्यांना ते वाढवण्याची मुभा होती. महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटर केले. हे अंतर मोजायचे ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मापाने, म्हणजे सरळ रेघेत. यामागचा हेतू चांगला होता. एकाच्या छाताडावर दुसरा कारखाना उभा राहू नये, उसाच्या पळवापळवीत दोन्ही बुडू नयेत. दुसरी बाजू अशी की, अंतराच्या भिंतीआड कारखानदार निर्धास्त होतो आणि उसाला स्पर्धा राहात नाही. २०१२ साली डॉ. रंगराजन समितीने हे बंधन टप्प्याटप्प्याने काढावे असे सुचवले होते. दोन्ही बाजूंना माणसे आहेत आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

आमचे म्हणणे तिसरेच आहे. अंतर पंधरा असो, पंचवीस असो की शून्य असो, सरळ रेघेला नदी दिसत नाही. रेघ भीमेवरून जाते तशी माळावरून जाते. तिला भिजलेली पाणंद दिसत नाही, रेल्वेचे बंद फाटक दिसत नाही, बाजाराच्या दिवसाची गर्दी दिसत नाही. दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ चालते, कारण विमान खरोखर तिच्या जवळपासच्या वाटेने उडते. उसाची मोळी उडत नाही. ती पाणंदीने येते, डांबरी रस्त्याने येते, पुलाच्या तोंडाशी थांबते आणि यार्डात उभी राहते.

आणि ऊस हा दगड नव्हे की कधीही आणून टाकला. कोयता बसला त्या घडीपासून उसाचे नुकसान सुरू होते. पाणी उडते तसे वजन घटते. आतली साखर फुटून तिची साध्या साखरेत मोडतोड होते आणि ती पोत्यात येत नाही. तोडलेल्या टोकांतून जंतू शिरतात, चिकटपणा वाढवतात, रस गाळणे आणि साखर बनवणे अवघड करतात. ऊन जास्त, तर नुकसान जास्त. जळालेल्या उसाचे तर विचारूच नका. म्हणून तोडीपासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, असे शेतकी खाते कानीकपाळी ओरडत असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ. आर. पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरली. म्हणजे भाव उताऱ्याला बांधलेला आहे आणि उतारा तासाला बांधलेला आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच. वाळलेल्या उसात वजनाचा तोटा ज्याचा त्याला बसतो. उताऱ्याचा तोटा मात्र सगळ्या सभासदांना मिळून बसतो. नदीपलीकडच्या सभासदाची ट्रॉली तीस तास उभी राहिली, तर त्याची झळ यार्डाशेजारच्या सभासदालाही लागते. हे सहकाराचे गणित आहे, यात कुणी सुटत नाही.

असे असता आपल्याकडे अंतराच्या वहीत काय असते? गावाचे नाव आणि समोर किलोमीटरचा आकडा. तो कधी मोजला, कुणी मोजला, कुठल्या रस्त्याने मोजला, हे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात. काही रस्ते त्यानंतर झाले, काही खचले. गावापासून अंतर लिहिलेले असते, पण ऊस गावात पिकत नाही, मळ्यात पिकतो, आणि मळा गावापासून चार-चार किलोमीटर असतो. यात एकट्या शेतकी विभागाला दोष देऊन चालायचे नाही. आम्ही सभासदांनीही कधी विचारले नाही. दराच्या सभेत घसा बसेतो बोलतो, तासाच्या बाबतीत मुकाट राहतो.

तेव्हा आमच्या तीन सूचना आहेत. वार्षिक सभेत त्यांवर बोलणे व्हावे.

पहिली, वजनाच्या पावतीवर ऊस तोडल्याची तारीख आणि वेळ, यार्डात आल्याची वेळ आणि गव्हाणीवर खाली झाल्याची वेळ, अशा तीन वेळा लिहाव्यात. यातल्या दोन तर कारखान्याच्या दारातच कळतात. तोडीची वेळ स्लिपबॉयने फडावर लिहावी आणि शेतकऱ्याने सही करावी. खर्च शाईचा तेवढा.

दुसरी, गटवार अंतराची वही नव्याने करावी. फडापासून गव्हाणीपर्यंत, भरल्या ट्रॉलीच्या वाटेने, आणि किलोमीटरच्या शेजारी तास लिहावेत. नदीपलीकडच्या गटांना तोडीचा कार्यक्रम आखताना हे तास धरावेत. लांबच्या गटात एका दिवशी किती टोळ्या घालायच्या आणि त्यांच्या ट्रॉल्यांना यार्डात केव्हा नंबर द्यायचा, हे त्यावर ठरावे.

तिसरी, आपल्या दोन्ही तालुक्यांत विमानतळ, मोठा रस्ता, रेल्वे किंवा नवा कारखाना असे काहीही येवो, सभासदांनी आणि ग्रामसभांनी एकच प्रश्न लावून धरावा: आमच्या वेशीपासून वेळ किती, आणि ज्याची जमीन जाते त्याचा वेळ किती वाढतो? वर्तुळाचा नकाशा दाखवणाऱ्याला हा प्रश्न विचारला की बरेच काही उमगते.

कुणी म्हणेल, "हे सगळं लिहून काय व्हायचं? मनुष्यबळ नाही, टोळ्या अपुऱ्या, कोयता मिळत नाही. वेळ लिहिल्यानं ट्रॉली लवकर खाली होईल काय?" शंका रास्त आहे. नुसते लिहिल्याने ट्रॉली हलत नाही. पण जे लिहिले जात नाही त्याबद्दल भांडताही येत नाही. वजनकाट्यावर आकडा दिसू लागला तेव्हा वजनाबद्दल बोलता आले. उताऱ्याचा आकडा कळू लागला तेव्हा उताऱ्याबद्दल बोलता आले. तासाचा आकडा पावतीवर आला की त्याबद्दलही बोलता येईल. त्यात कधी चूक कारखान्याची निघेल, कधी ट्रॅक्टरवाल्याची, कधी टोळीची, आणि कधी खुद्द शेतकऱ्याची, ज्याने पाणंद अडवून ठेवली किंवा तोडीला आलेल्या उसाला आदल्या दिवशी पाणी सोडून फड चिखलाचा केला. ज्याची निघेल त्याने ती मुकाट्याने पदरात घ्यावी.

विमानवाल्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. विमान जागेवरून किती वाजता हलले आणि किती वाजता जागेवर उभे राहिले, हे ते प्रत्येक फेरीला मिनिटासह लिहून ठेवतात. उशीर झाला तर कुठे झाला हे त्यांना शोधता येते. आपण उसाच्या फेरीला तेवढेही लिहीत नाही.

लिंबाखालच्या त्या वडीलधाऱ्या सभासदांची ट्रॉली त्या दिवशी संध्याकाळी खाली झाली. त्यांनी पावती उलट-सुलट करून पाहिली. वजन होते, तारीख होती, गाडीचा नंबर होता. "समदं हाय," ते म्हणाले, "पण मी हितं किती येळ बसलो ते काय लिवलं न्हाई." यंदाच्या पावतीवर ते लिहिलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.

— संपादक मंडळ